कंत्राट संपलं, काम गेलं: चंद्रपूर-गडचिरोलीत बेकारी भत्ता कुणाला मिळतो?

चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र, कोरपना-राजुऱ्याकडचे सिमेंट कारखाने, बल्लारपूरची पेपर मिल, वेकोलिच्या कोळसा खाणी, एटापल्ली तालुक्यातली सुरजागडची लोहखनिज खाण. या ठिकाणी अनेक जण कंपनीच्या नव्हे, ठेकेदाराच्या हजेरीवर काम करतात. टेंडरची मुदत संपली आणि नवं टेंडर लांबलं की त्यांचं काम थांबतं.

मग घर चालवायला काही मिळतं का? काहींना मिळतं. पण त्यासाठी प्लांटमध्ये किती वर्षं काढली हे पाहत नाहीत, नावावर विम्याची वर्गणी किती दिवस जमा झाली हे पाहतात.

कोणती योजना?

कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, म्हणजे ईएसआयसीची, ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. सुरुवातीला रोजच्या सरासरी मजुरीच्या २५ टक्के रक्कम मिळायची. कोरोनाकाळात ती ५० टक्के झाली. ही मदत जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच मिळते.

समजा, सरासरी रोजी ५०० रुपये आहे. मग दिवसाला २५० रुपये, म्हणजे ९० दिवसांचे २२,५०० रुपये होतात.

योजना ठरावीक मुदतीची असून तिला वेळोवेळी मुदतवाढ दिली जाते. त्यामुळे अर्जाआधी ती चालू असल्याची खात्री करून घ्यावी.

अटी काय आहेत?

- काम जाण्याआधी किमान २ वर्षं विमायोग्य नोकरी झालेली हवी.
- लगतच्या आधीच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. त्याआधीच्या तीनपैकी एका काळातही ७८ दिवस हवेत.
- गैरवर्तनामुळे काढलेल्यांना, निवृत्त झालेल्यांना आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना मदत मिळत नाही.

वर्गणी काळ दोन आहेत: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. ऑगस्टमध्ये काम गेलं तर आधीच्या ऑक्टोबर ते मार्चमधले दिवस मोजले जातात.

गाडी कुठे अडते?

ठेकेदार बदलतो तिथे. माणूस तोच, काम तेच, पण नवा ठेकेदार कधीकधी जुना विमा क्रमांक न विचारता नवा काढतो. मग कागदावर कामगार नवखा ठरतो आणि २ वर्षं भरत नाहीत. म्हणून ठेकेदार बदलताच जुना क्रमांक लेखी द्यावा. दोन क्रमांक झालेच असतील तर ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात जाऊन नोंदी जोडून घेण्यासाठी अर्ज करावा.

दुसरी अडचण कपातीची. मजुरीतून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालकाने ३.२५ टक्के भरायचे असतात. पगार पावतीवर कपात दिसली म्हणजे पैसे जमा झालेच असं नाही. ईएसआयसीच्या पोर्टलवर विमा क्रमांक टाकून दर दोन-तीन महिन्यांनी तपासावं. काम सोडल्याचं कारणही ठेकेदारच नोंदवतो. ते चुकीचं पडलं तर दावा अडतो.

खाणीत काम असेल तर?

ईएसआय कायदा, १९४८ मधल्या कारखान्याच्या व्याख्येतून खाण कायद्याखालच्या खाणी वगळलेल्या होत्या. त्यामुळे खाणीतल्या कंत्राटी कामगाराकडे हा विमा नसण्याची शक्यता मोठी आहे. कोळसा खाणींसाठी वेगळा भविष्य निर्वाह निधी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. त्यामुळे आपल्या कामाला विमा लागू आहे का, हे शाखा कार्यालयात विचारून घ्यावं.

तेंदूपत्ता आणि बांबूतोडीच्या हंगामी मजुरांना साधारणपणे हा विमा नसतो. त्यांच्यासाठी भत्त्याची तरतूद रोजगार हमीत आहे. २००५ च्या मनरेगा कायद्यानुसार काम मागितल्यापासून १५ दिवसांत मिळालं नाही, तर पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव आणि पुढे किमान निम्मा भत्ता देय होता. त्यासाठी मागणीची तारीख असलेली पोचपावती लागते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला, म्हणून सध्याचा नियम ग्रामपंचायतीत विचारावा.

ठेकेदारच बेकार झाला तर?

चार-पाच माणसं घेऊन मेंटेनन्सची कामं करणारे छोटे ठेकेदारही टेंडर गेलं की घरी बसतात. एकट्याच्या नावावर फर्म असेल तर तो स्वतःचा नोकर ठरत नाही, त्यामुळे विमा नाही. भागीदारही कर्मचारी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने रामानुज मॅच इंडस्ट्रीजच्या खटल्यात म्हटलं आहे.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं वेगळं आहे. कायद्याने कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती. मोबदला घेणारा व्यवस्थापकीय संचालकही कर्मचारी असू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने एपेक्स इंजिनिअरिंगच्या खटल्यात मान्य केलं. पण कंपनीला ईएसआय लागू हवा (साधारणपणे १० किंवा जास्त कर्मचारी), संचालकाचा पगार महिना २१,००० रुपयांच्या आत हवा आणि त्यावर वर्गणी भरलेली हवी. नुसता नफा काढून घेणाऱ्याला काही मिळत नाही. शिवाय कंपनी चालू आणि आपण तिचे संचालक, अशा स्थितीत ‘मी बेकार आहे’ हे सिद्ध करणं अवघड जातं.

पीएफ आणि थकलेली मजुरी

पीएफ हा भत्ता नव्हे, ती स्वतःची बचत आहे. आधीच्या नियमात महिनाभर काम नसेल तर ७५ टक्के रक्कम काढता येत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने ७५ टक्के लगेच आणि उरलेली १२ महिन्यांनी, असा निर्णय घेतला.

ठेकेदाराने शेवटची मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे ज्या कंपनीत काम केलं तिच्यावर येते. तक्रार कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करता येते.

अर्ज कसा करावा?

अर्ज ईएसआयसीच्या पोर्टलवर भरतात. आधार, बँक पासबुक आणि विमा क्रमांक जवळ ठेवावा. काम गेल्यापासून ३० दिवसांनी मदत देय होते आणि दावा वर्षभराच्या आत करावा लागतो. पैसे थेट खात्यात जमा होतात.

हे सगळं काम गेल्यावर जुळवणं कठीण जातं. काम चालू असतानाच विमा क्रमांक, हजेरी कार्ड आणि पगार पावत्यांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवलेले बरे.