मनोऱ्यातली अट आणि सम्राटाचे गाणे

मार्च १३५७. प्रागच्या नैर्ऋत्येला तीसेक किलोमीटरवर, बेरोउंका नदीजवळच्या खडकावर कार्लश्टेइनचा किल्ला उभा राहिला होता. सम्राट चौथ्या कार्लने तिथल्या चॅपलांसाठी धर्मगुरूंचे एक मंडळ नेमले आणि त्याची सनद लिहून दिली. त्या सनदेत एक अट आहे. ज्या मनोऱ्यात ख्रिस्ताच्या क्रूसाशी जोडलेले पवित्र अवशेष ठेवायचे होते, त्या मनोऱ्यात कोणीही स्त्रीसोबत झोपू नये. ती त्याची लग्नाची बायको असली तरीही.

अट एका मनोऱ्यापुरती होती आणि तिच्यामागे भक्तिभाव होता. किल्ल्यात बाईने पाऊलच टाकू नये, असे सनद म्हणत नाही. पण पाचशे सत्तावीस वर्षांनी एका कवीने या अटीवर तीन अंकांचे सुखांत नाटक रचले, आणि सहाशे सोळा वर्षांनी त्या नाटकाचा गाण्यांनी भरलेला चित्रपट झाला. 'नोत्स ना कार्लश्टेन्ये', म्हणजे 'कार्लश्टेइनवरची रात्र'. मध्ययुगीन राजाराणीवर चेक लोकांनी जे संगीतपट केले, त्यांतला हा सगळ्यांत लाडका. त्याची कुळकथा सुरू होते ती मनोऱ्यातल्या त्या अटीपासून.

ज्या राजाला इथे गाणाऱ्या मंडळींमध्ये आणून बसवले, तो मुळात कसा होता?

१४ मे १३१६ रोजी प्रागमध्ये जन्मलेल्या या मुलाचे नाव वात्स्लाव. लहानपणीच त्याला फ्रान्सच्या दरबारी धाडले गेले, आणि तिथे त्याने आपल्या राजेकाकांचे कार्ल हे नाव घेतले. सतराव्या वर्षी तो बोहेमियात परतला तेव्हा चेक भाषा विसरला होता. ती आपण पुन्हा शिकलो, हे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. १३४६ मध्ये वडील क्रेसीच्या लढाईत पडले आणि राज्य त्याच्याकडे आले. १३४८ या एका वर्षात त्याने प्रागचे विद्यापीठ काढले, प्रागचे नवे शहर वसवायला घेतले आणि कार्लश्टेइनची पायाभरणी केली. १३५५ मध्ये रोममध्ये त्याच्या मस्तकावर सम्राटाचा मुकुट चढला. १३७८ मध्ये तो वारला, आणि अंत्यविधीच्या भाषणात त्याला 'मायभूमीचा पिता' म्हटले गेले. ती पदवी आजही टिकून आहे. शंभर कोरुनांच्या नोटेवर त्याचाच चेहरा आहे, आणि २००५ मध्ये दूरचित्रवाणीने सर्वांत थोर चेक व्यक्ती कोण, म्हणून लोकांचा कौल घेतला तेव्हा पहिला क्रमांक त्याचाच आला.

अशा राजाकडे लोक मान वर करूनच पाहतात. मोठ्या मनोऱ्यातल्या पवित्र क्रूसाच्या चॅपलमध्ये भिंतींना घासून गुळगुळीत केलेले रंगीत खडे जडवले आहेत, वर सोन्याच्या छतावर काचेचे तारे आहेत, आणि चित्रकार तेओदोरिकने रंगवलेल्या संतांचे शंभराहून अधिक फलक ओळीने लावले आहेत. साम्राज्याची राजचिन्हे याच ठिकाणी जपली जात. इतक्या गंभीर जागेतून हसतीखेळती गोष्ट काढायला धाडस हवे.

ते धाडस केले यारोस्लाव व्रख्लित्स्कीने. हे त्याचे टोपणनाव. खरे नाव एमिल फ्रीदा. दान्ते आणि व्हिक्टर ह्यूगो यांना चेक भाषेत आणणारा हा प्रचंड वाचनाचा कवी. त्याच्या काळी बोहेमियावर हाब्सबुर्ग घराण्याची सत्ता होती, आणि चेक भाषेची सगळी मानमर्यादा रंगभूमीवर जपली जात होती. प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाची पायाभरणी १८६८ मध्ये झाली, त्या दिवशी संगीतकार स्मेतानाची 'दालिबोर' ही ऑपेरा पहिल्यांदा सादर झाली. १८८१ मध्ये उघडलेले नाट्यगृह दोनच महिन्यांनी आगीत सापडले. लोकांनी पुन्हा वर्गणी गोळा केली, आणि १८ नोव्हेंबर १८८३ रोजी स्मेतानाच्याच 'लिबुशे'ने पडदा पुन्हा वर गेला. 'लिबुशे'तली राणी भविष्य सांगते, राष्ट्राचा उदय पाहते. रंगमंचावरच्या राजघराण्याचे काम तोवर हेच होते: उंच उभे राहायचे आणि प्रेक्षकांचे डोळे ओले करायचे.

नाट्यगृह पुन्हा उघडल्याला साडेचार महिनेही झाले नव्हते, तोच २८ मार्च १८८४ रोजी त्याच रंगमंचावर व्रख्लित्स्कीची 'कार्लश्टेइनवरची रात्र' आली. तिच्यात सम्राट आपल्या बायकोपासून दूर, राज्यकारभाराचे ओझे घेऊन किल्ल्यावर येतो, आणि बायको त्याच्या ओढीने मागोमाग येते.

कवीने इतिहासात तीन ठिकाणी हात घातला. पहिले म्हणजे मनोऱ्याची अट त्याने पूर्ण किल्ल्याला लावली: सूर्य मावळल्यावर कार्लश्टेइनवर एकही स्त्री नको. दुसरे, त्याने दोन स्त्रियांना एकाच रात्री पुरुषवेषात किल्ल्यात घुसवले. एक खुद्द सम्राज्ञी एलिश्का. दुसरी आलेना, सम्राटाच्या पेशेक या तरुण सेवकाची प्रेयसी. आलेनाने पैज लावलेली असते: कार्लश्टेइनवर एक रात्र काढून दाखवली, तर पेशेकशी लग्न. दोन सेवकवेष, एक अंधारी रात्र आणि चुकीच्या माणसाला ओळखण्याचा गोंधळ; सुखांतिकेला लागणारे सगळे त्यात आले. तिसरे, त्याने पाहुणे बोलावले. त्यांतला एक सायप्रसचा राजा पीटर.

हे तिन्ही धागे पूर्ण काल्पनिक नाहीत, आणि नाटकाची खरी ताकद तिथेच आहे. पोमेरेनियाची एलिश्का ही कार्लची चौथी बायको. १३६३ मध्ये क्राकोव्हला त्यांचे लग्न झाले तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची होती आणि सम्राट सत्तेचाळीस वर्षांचा. बेनेश क्राबित्से या समकालीन इतिवृत्तकाराने तिच्या अंगातल्या बळाची नोंद केली आहे. घोड्याचा नाल ती नुसत्या हातांनी मोडत असे, चिलखत फाडत असे. नाटकात ती तलवार मोडते तेव्हा प्रेक्षकाला कवीची अतिशयोक्ती वाटते, पण तिला त्या जुन्या नोंदीचाच आधार असतो.

सायप्रसचा पीटरही खरा. नव्या धर्मयुद्धासाठी मदत मागत तो युरोपभर फिरत होता, आणि १३६४ मध्ये प्रागला आला. पुढच्या वर्षी त्याने अलेक्झांड्रिया लुटले. त्याच्या आयुष्यावर फ्रेंच कवी आणि संगीतकार गिओम द माशो याने एक दीर्घकाव्य लिहिले. हा माशो पूर्वी कार्लच्या वडिलांच्या पदरी चिटणीस होता, त्यामुळे लक्झेंबुर्ग घराण्याचा दरबार त्याच्या ओळखीचा. प्रागमधल्या स्वागताचे वर्णन करताना तो तिथे वाजलेल्या वाद्यांची लांबलचक यादीच देतो: गजाने वाजणारी तंतुवाद्ये, वीणेसारखी वाद्ये, बासऱ्या, मशकी, तुताऱ्या. म्हणजे कार्लच्या प्रागमध्ये पीटर आला तेव्हा खरोखरच संगीताचा गजर झाला होता. सहा शतकांनी पडद्यावर या दोघांच्या भोवती वाद्यवृंद वाजू लागला, त्याला इतिहासात एवढे तरी बळ आहे.

नाटकाला सूर फार लवकर चिकटले. १८८६ मध्ये ज्देन्येक फिबिखने त्यावर वाद्यवृंदाची एक नांदी रचली. नोव्हेंबर १९१६ मध्ये, महायुद्ध चालू असताना, वीत्येझस्लाव नोवाकची 'कार्लश्टेइन' ही ऑपेरा राष्ट्रीय नाट्यगृहात झाली. ओटोकार फिशरने तिची संहिता लिहिली होती. साम्राज्य डळमळत असलेल्या त्या दिवसांत स्वतःच्या राजावरचे नाटक पुन्हा गंभीर झाले. नवे प्रजासत्ताक आल्यावर १९१९ मध्ये गोष्ट मूकपटातही गेली.

या काळात किल्लाही बदलला. व्रख्लित्स्कीने नाटक लिहिले तेव्हा कार्लश्टेइनची पार पडझड झालेली होती. वास्तुशिल्पी योसेफ मॉकरने १८८७ ते १८९९ या काळात त्याची डागडुजी केली आणि चौदाव्या शतकात तो कसा असावा, या आपल्या कल्पनेनुसार त्याला टोकदार छपरे आणि तटबंदी दिली. आज पोस्टकार्डांवर जे 'मध्ययुग' दिसते, त्यातले बरेचसे नाटकापेक्षाही तरुण आहे. चित्रपटाला राजाराणीची पार्श्वभूमी म्हणून आयताच मिळालेला तो हाच किल्ला.

चित्रपटापर्यंत यायला आणखी दोन वाटा एकत्र मिळाव्या लागल्या.

पहिली वाट परीकथेची. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी स्टुडिओंत परीकथांचे चित्रपट भराभर निघू लागले. बोर्झिवोय झेमानचा 'गर्विष्ठ राजकन्या' १९५२ मध्ये आला आणि १९५४ मध्ये 'एके काळी एक राजा होता'. कामगारांच्या राज्यातही परीकथेतल्या राजाला जागा होती. तो माणसांत मिसळून शहाणा होई. दुसरी वाट संगीतपटाची. १९६४ मध्ये लादिस्लाव रिख्मानने हॉप्स तोडायला गेलेल्या विद्यार्थ्यांवर 'स्तार्त्सी ना ख्मेलू' केला. गाणी आणि नाच कथेचाच भाग असलेला पहिला चेक चित्रपट म्हणून त्याचे नाव घेतात. या दोन वाटा १९६८ मध्ये झेमानच्याच 'वेड्यासारखी दुःखी राजकन्या'त भेटल्या. राजकन्या होती हेलेना वोंद्राच्कोवा आणि राजपुत्र वात्स्लाव नेत्सकार्झ, दोघेही त्या वेळचे लाडके पॉप गायक. मुकुट घातलेली माणसे आता रेडिओवरची गाणी म्हणू लागली.

कार्लही या वातावरणात आला. १९६९ मध्ये कारेल स्तेक्लीने त्याच्या तारुण्यावर एक हलकाफुलका चित्रपट काढला. त्यात तरुण कार्ल होता यारोमीर हान्झलीक, आणि त्याची पहिली बायको ब्लांका होती दानिएला कोलार्झोवा. चार वर्षांनी हीच जोडी 'कार्लश्टेइनवरची रात्र'मध्ये पुन्हा दिसली, पण या वेळी पेशेक आणि आलेना म्हणून. एक राजा आणि राणी राजवाड्याच्या मागच्या दाराने नोकर होऊन परतले.

तोवर देश बदलला होता. ऑगस्ट १९६८ मध्ये वॉर्सा कराराचे रणगाडे प्रागमध्ये शिरले. त्यानंतर कित्येक चित्रपट कपाटांत बंद झाले, कित्येक दिग्दर्शकांना काम मिळेनासे झाले. वोंद्राच्कोवा, नेत्सकार्झ आणि मार्ता कुबिशोवा यांचे 'गोल्डन किड्स' हे त्रिकूट १९७० मध्ये तुटले, कारण कुबिशोवाच्या गाण्यावरच बंदी आली. वर्तमानावर बोलायची सोय उरली नव्हती तेव्हा हसणे, गाणे आणि जुनी वेशभूषा यांना मोकळीक राहिली. चित्रपटाकडे जाणारे चांगले कलावंत साहजिकच त्या दिशेला वळले.

ज्देन्येक पोदस्काल्स्की या दिग्दर्शकाला गाण्यांचा चित्रपट नवा नव्हता. १९६९ च्या 'स्व्येतात्सी'मध्ये त्याने घरे रंगवणाऱ्या तीन साध्या कामगारांना प्रतिष्ठितांच्या चालीरीती शिकायला लावले होते. त्या तिघांतला एक होता व्लास्तिमिल ब्रोदस्की. १९७३ मध्ये पोदस्काल्स्कीने त्याच ब्रोदस्कीला सम्राट केले. एलिश्का झाली याना ब्रेय्खोवा, आणि त्या वेळी ब्रोदस्की आणि ब्रेय्खोवा खऱ्या आयुष्यातही नवराबायको होते. पडद्यावर वयाने थकलेला, जरासा रुसलेला सम्राट आपल्या बायकोकडे ज्या नजरेने बघतो, तिच्यात पाठ केलेले काही दिसत नाही. आर्चबिशप आर्नोश्तचे काम कारेल ह्योगरने केले, बव्हेरियाच्या ड्यूकचे मिलोश कोपेत्स्कीने, आणि सायप्रसचा राजा पीटर झाला दाढीवाला, रुंद गळ्याचा गायक वाल्देमार मातुश्का.

संगीत कारेल स्वोबोदाचे, शब्द यिर्झी श्टाइड्लचे. स्वोबोदाने मध्ययुगाची नक्कल केली नाही. माशोच्या यादीतली वाद्ये शोधत बसण्यापेक्षा त्याने सत्तरीतले सरळ, लगेच गुणगुणता येणारे पॉप संगीत दिले. हा निर्णय योग्य होता, कारण व्रख्लित्स्कीनेही चौदाव्या शतकाची भाषा लिहिली नव्हती; त्याने आपल्या काळातल्या नवराबायकोला मुकुट घातला होता. एलिश्काचे झुरण्याचे गाणे हेलेना वोंद्राच्कोवाने म्हटले. पडद्यावर ब्रेय्खोवा आणि मागे वोंद्राच्कोवाचा आवाज, हे पार्श्वगायन मराठी प्रेक्षकाला समजावून सांगायला नको. ते गाणे चित्रपटातून सुटून वेगळे जगू लागले. श्टाइड्लला मात्र हे यश पाहता आले नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये मोटार अपघातात तो गेला, तेव्हा त्याचे वय अवघे तीस होते. त्याच वर्षी स्वोबोदाचेच संगीत असलेला 'पोपेल्कासाठी तीन हेझलनट' हा सिंड्रेलाचा चित्रपटही आला आणि युरोपभर नाताळात दाखवला जाऊ लागला. एकाच हातून एक परीकथेतला राजवाडा आणि एक इतिहासातला किल्ला, दोन्ही गाऊ लागले.

मातुश्काची वाट वेगळी निघाली. १९८६ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि परतला नाही, म्हणून त्याची गाणी रेडिओ-दूरचित्रवाणीवरून हटवली गेली. १९८९ नंतर ती परत आली. स्वोबोदाने पुढे रंगमंचासाठी संगीतिका लिहिल्या. 'ड्रॅक्युला' १९९५ मध्ये प्रागमध्ये गाजली. 'कार्लश्टेइनवरची रात्र'ही चित्रपटातली गाणी घेऊन पुन्हा रंगमंचावर गेली, म्हणजे १८८४ मध्ये जिथून निघाली होती तिथेच, पण आता सुरांसह.

कार्लश्टेइनच्या पवित्र क्रूसाच्या चॅपलमध्ये आज मोजक्याच माणसांचे गट, आधी नाव नोंदवून, नेले जातात. मोठ्या मनोऱ्याचा जिना चढताना भिंतींवर संत वात्स्लाव आणि त्याची आजी संत लुदमिला यांच्या कथा रंगवलेल्या दिसतात. सनदेतली अट याच मनोऱ्यासाठी लिहिली होती. आता तो जिना बायका आणि पुरुष एकाच तिकिटावर चढतात, वर पोचल्यावर सोन्याच्या छतातल्या काचेच्या ताऱ्यांकडे बघत थोडा वेळ गप्प उभे राहतात, आणि दिवस मावळायच्या आत खाली नदीकडे उतरतात.