ठिपक्यांचा मका

मागच्या विकांताला सिंहगडावर गेलो होतो. पाऊस, धुकं, कांदाभजी आणि तिखट-मीठ चोळलेलं भाजकं कणीस, म्हणजे नेहमीचाच कार्यक्रम. मित्राच्या कणसात चार-पाच दाणे जांभळट निघाले. "मावशी, हे किडलंय, बदलून द्या." मावशी शांतपणे म्हणाल्या, "किडलं नाही दादा, असतात असे." तरी त्याने ते बदलून घेतलंच. मला मात्र उतरताना सगळ्या वाटेभर एक बाई आठवत राहिल्या. असे वेगळे दाणे फेकून न देता त्यांच्यामागे अख्खं आयुष्य घालवलेल्या बार्बरा मॅक्लिंटॉक.

आता संगणकवाल्याने वनस्पतींच्या जनुकशास्त्रावर लिहायचं म्हणजे जरा आगाऊपणाच. बारावीनंतर बायॉलॉजीला रामराम ठोकलेला मी माणूस. पण ही गोष्ट मुळात डीबगिंगची आहे, त्यामुळे थोडाफार अधिकार पोचतो असं समजू.

मॅक्लिंटॉकबाईंचा जन्म १९०२ चा, अमेरिकेतल्या हार्टफर्डचा. वाढल्या ब्रुकलिनमध्ये. कॉलेजात गेली तर पोरीचं लग्न कसं व्हायचं, ही काळजी त्यांच्या आईलाही होती (ही काळजी फक्त आपल्याकडचीच नाही, हे वाचून बरं वाटलं). वडील मध्ये पडले आणि १९१९ मध्ये त्या कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाल्या. १९२७ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. माझ्या पंचविसाव्या वर्षी मी काय करत होतो हा प्रश्न कृपया विचारू नये.

त्या काळी जनुकशास्त्राचा लाडका प्राणी होता फळमाशी. दहा-बारा दिवसांत पुढची पिढी तयार! मक्याला त्यासाठी अख्खा हंगाम लागतो. शिवाय तुऱ्यावर आणि कणसावर कागदी पिशव्या बांधायच्या, परागकण हातानं झाडायचे, कुठल्या झाडाचं कुठल्या झाडाशी लावलं याची नोंद ठेवायची, आणि मग वाट बघायची. पण मक्याचा एक मोठा फायदा आहे. कणसावरचा प्रत्येक दाणा म्हणजे एक स्वतंत्र अपत्य. म्हणजे एका कणसावर काहीशे भावंडं ओळीत मांडून ठेवलेली, प्रत्येकाचा निकाल रंगात छापलेला. आमच्या भाषेत सांगायचं तर आयती लॉग फाईल. फक्त वाचता आली पाहिजे.

बाईंना ती वाचता येत होती. मक्याची दहाही गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली आकारावरून वेगवेगळी ओळखण्याची पद्धत त्यांनी बसवली. १९३१ मध्ये हॅरिएट क्रायटन या विद्यार्थिनीबरोबर त्यांनी नवव्या गुणसूत्रावर एक सुंदर प्रयोग केला. या गुणसूत्राच्या एका टोकाला गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला आठव्या गुणसूत्राचा तुकडा चिकटलेला. म्हणजे दोन्ही टोकांना खुणा. पुढच्या पिढीत गुणधर्मांची अदलाबदल झाली, तेव्हा या खुणांचीही अदलाबदल झालेली डोळ्यांनी दिसली. जनुकं गुणसूत्रांवर बसलेली असतात आणि गुणसूत्रं तुकड्यांची देवाणघेवाण करतात, याचा हा प्रत्यक्ष पुरावा. त्याच वर्षी काही आठवड्यांनी कर्ट स्टर्नने फळमाशीत तेच दाखवलं.

एवढं होऊनही कायमची नोकरी नव्हती. फेलोशिपवर फेलोशिप, मधे हिटलरच्या जर्मनीतून मुदतीआधीच परत येणं, मग १९३६ ते १९४१ मिसुरी विद्यापीठ. तिथे आपलं भवितव्य नाही असं वाटून ते सोडलं. १९४१ च्या अखेरीस न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरला गेल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. १९४४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड, १९४५ मध्ये जेनेटिक्स सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष. हे सन मुद्दाम लक्षात ठेवा, पुढे लागतील.

खरी गंमत सुरू झाली ती याच सुमारास. तुटलेल्या नवव्या गुणसूत्रावर काम करताना बाईंना काही विचित्र रोपं दिसली. पानांवर निराळ्या रंगाचे पट्टे होतेच, पण काही ठिकाणी शेजारी-शेजारी असे दोन पट्टे, की एकात जे कमी झालंय तेच नेमकं दुसऱ्यात वाढलंय. त्यांचा निष्कर्ष असा, की पेशीविभाजनाच्या वेळी एका पेशीनं काहीतरी गमावलं आणि तिच्या बहिणीनं तेच कमावलं. काय असेल ते?

१९४८ पर्यंत उत्तर हाती आलं. नवव्या गुणसूत्रावर एक घटक होता, जिथे तो बसेल तिथे गुणसूत्र तुटायचं. त्याला त्यांनी नाव दिलं 'डीएस'. पण तो एकटा काही करत नसे, त्याला 'एसी' नावाचा दुसरा घटक लागे. आणि धक्कादायक गोष्ट म्हणजे हे घटक जागा बदलत होते! डीएस उठून रंगाच्या जनुकात जाऊन बसला की रंग बंद, दाणा फिका. मग दाणा वाढत असताना एसीच्या हुकमानं एखाद्या पेशीतून डीएस बाहेर पडला, की त्या पेशीच्या सगळ्या लेकरांत रंग परत. लवकर बाहेर पडला तर मोठा ठिपका, उशिरा पडला तर बारीक. दाण्यावरचे ठिपके म्हणजे कुठल्या क्षणी काय घडलं याचा चक्क टाईमस्टँप.

डीएनएची रचना १९५३ ची. म्हणजे जनुक नेमकं कशाचं बनलंय आणि कसं दिसतं हे कळायच्या आधी या बाईंनी, निव्वळ कणसं बघून, सांगितलं की जनुकद्रव्यात कट-पेस्ट चालतं.

१९५० मध्ये त्यांनी हे छापलं आणि १९५१ च्या कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिसंवादात मांडलं. प्रतिसाद थंडा. १९५३ नंतर त्यांनी या कामाचे सविस्तर पेपर छापणं जवळपास थांबवलं, नोंदी फक्त संस्थेच्या वार्षिक अहवालात. मग १९६० च्या दशकाच्या अखेरीस जिवाणूंमध्ये असेच उड्या मारणारे तुकडे सापडले, नंतर जिकडे तिकडे सापडू लागले, आणि १९८३ मध्ये, ८१ व्या वर्षी, बाईंना नोबेल मिळालं. तेही एकटीला, कुणाशी वाटून नाही. वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये एखाद्या स्त्रीच्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडलं.

उपेक्षित प्रतिभेची ही गोष्ट आपण सगळे इथवरच सांगतो. मीही मित्रांना चहाच्या टपरीवर अशीच सांगायचो. पण २००१ मध्ये नॅथॅनिएल कम्फर्ट या इतिहासकारानं बाईंच्या नोंदी आणि पत्रव्यवहार चाळून पुस्तक लिहिलं, आणि त्यातून निघालेली गोष्ट जास्त अवघड आहे. एकतर बाई अनोळखी नव्हत्या, वरचे सन बघा. दुसरं, घटक उड्या मारतात हे मक्यावर काम करणाऱ्यांनी लवकरच मान्य केलं. १९५२ मध्ये विस्कॉन्सिनच्या ब्रिंक आणि नीलन यांना असाच घटक मिळाला, पीटरसनलाही स्वतंत्रपणे मिळाला. बाकीच्यांनी ती मक्याची एक खोड म्हणून बाजूला ठेवली, हे खरं. पण लोकांना पटत नव्हती ती बाईंची पुढची, मोठी कल्पना. हे घटक म्हणजे नियंत्रक आहेत, ठरल्या वेळी ठरल्या जागी जाऊन जनुकं चालू-बंद करतात आणि त्यातूनच एका पेशीपासून मूळ, पान, फूल घडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. 'उड्या' हा त्यांच्या दृष्टीनं तपशील होता, 'नियंत्रण' हा शोध.

आणि नोबेल मिळालं कशासाठी? उड्यांसाठी! नियंत्रणाची कल्पना त्या स्वरूपात टिकली नाही. जनुकं चालू-बंद होतात हे खरं, पण सजीवाची नेहमीची वाढ त्यांच्या जागा बदलून होत नाही. म्हणजे ज्यावर बाईंचा सगळा जीव होता ते मागे पडलं आणि ज्याला त्या साधन समजत होत्या त्यानं विज्ञान बदललं. माझ्या मते, उपेक्षेच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट जास्त माणसाची आहे.

उड्यांचा पसारा मात्र बाईंच्या कल्पनेहूनही मोठा निघाला. २००९ मध्ये मक्याचा जनुकसंच वाचून झाला, तेव्हा त्यातला सुमारे ८५ टक्के भाग अशा फिरत्या तुकड्यांचा किंवा त्यांच्या अवशेषांचा निघाला. माणसात साधारण ४५ टक्के. आणि कळस म्हणजे, मेंडेलच्या वाटाण्यातला तो प्रसिद्ध सुरकुतलेला दाणा आठवतो ना, नववी-दहावीच्या पुस्तकातला? १९९० मध्ये कळलं की त्या सुरकुत्यांचं कारण एका जनुकात घुसलेला, एसी-डीएसच्या जातकुळीचाच तुकडा आहे. जनुकशास्त्राच्या पहिल्याच प्रयोगात तो बसलेला होता, शंभरावर वर्षं कुणाला पत्ता नाही!

आता माझी कबुली. दोन वर्षांपूर्वी हापिसात एक बग माझ्या नावावर होता. महिन्यातून एखाद्या वेळी एका रिपोर्टमधली बेरीज चुकायची. मी दोन दिवस पाहिलं, पुन्हा घडेना, 'कान्ट रिप्रोड्यूस' लिहून बंद केला. तीन महिन्यांनी वर्षअखेरीला त्याच बगनं आमच्या अख्ख्या टीमच्या चार रात्री खाल्ल्या. ज्या दिवशी तो पहिल्यांदा घडला त्या दिवसाच्या लॉगमध्ये सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते उघडून वाचलंच नव्हतं, कारण बाकीचे एकोणतीस दिवस बेरीज बरोबर येत होती.

बाईंना नियम पाठ होते, म्हणूनच अपवाद दिसला. आणि दिसल्यावर त्यांनी तो 'किडलंय' म्हणून बदलून घेतला नाही. पुढचा हंगाम, मग त्याच्या पुढचा हंगाम, दाणा पेरून बघत राहिल्या. त्यातून बांधलेला अर्धा सिद्धांत चुकला, तरी कणसावरचं वाचन अचूक राहिलं.

१९९२ मध्ये त्या गेल्या, नव्वद वर्षांच्या होऊन. त्यांची कणसं आणि वह्या अजून जपून ठेवलेली आहेत.

असो. सोमवारी तीन जुनी तिकिटं पुन्हा उघडली आहेत. मॅनेजरला कारण काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. मक्याचं सांगितलं तर पटेलसं वाटत नाही.