ओळंब्यात उभी राहिलेली भिंत

अकोल्याच्या पश्चिमेला, मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर बाळापूरचा किल्ला उभा आहे. वऱ्हाडातले गाविलगड आणि नरनाळा हे मोठे किल्ले डोंगरावरचे, दगडाचे. बाळापूरचा किल्ला मात्र सपाटीवरचा आणि विटांचा. बाहेरचा कोट दहा कोनांचा, आतला उंच कोट पाच कोनांचा, प्रत्येक कोनावर बुरूज आणि एकात एक असे तीन दरवाजे. या भिंतींखाली उभे राहून वर पाहिले की मनात पहिला प्रश्न येतो तो कोणत्या नवाबाने किती खर्च केला हा नव्हे. एवढी उंच विटांची भिंत थरामागून थर चढवताना ती वाकडी कशी झाली नाही, हा प्रश्न येतो. या लेखात आम्हाला त्याच प्रश्नाचा मागोवा घ्यायचा आहे.

कागदावरचा इतिहास आधी पाहू. गॅझेटियर सांगते की औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने हा किल्ला १७२१ मध्ये सुरू केला आणि अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने तो १७५७ मध्ये पुरा केला. परंतु आझमशाह १७०७ मध्येच जाजऊच्या लढाईत मारला गेला होता. म्हणजे त्याचे नाव आणि १७२१ हे साल एकत्र नांदू शकत नाही. नोंद वाकडी निघाली, भिंत मात्र सरळ आहे. ज्यांनी ती सरळ ठेवली त्यांची तर नोंदच नाही.

अकोला शहराच्या असदगडाची कथाही अशीच. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावावरून गडाला नाव मिळाले. दहीहंडा वेशीवरच्या लेखात बादशहाचे आणि वजिराचे नाव आहे, ईदगाहच्या लेखात ख्वाजा अब्दुल लतीफ यांचे. अगरवेशीवर एक मराठी लेखही आहे. तो म्हणतो की गोविंद आप्पाजीने हा किल्ला १८४३ मध्ये बांधला. फारसी आणि मराठी, दोन्ही लिप्यांत बांधवून घेणाऱ्यांची नावे आहेत, बांधणाऱ्याचे नाव एकाही लिपीत नाही. पुढे १८७० च्या सुमारास इंग्रजांनी गडाचा बराचसा भाग पाडून टाकला. उरलेल्या हवाखान्यात १९१० च्या सुमारास शाळा भरत असल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे.

आता भिंतीकडे वळू. एक वीट लावणे सोपे आहे. शंभर थर सरळ लावणे कठीण, कारण चूक साठत जाते. एका थरात दोन सुतांचा फरक पडला तर डोळ्याला दिसत नाही. वीस थरांनी तोच फरक भिंतीला पोट काढतो. म्हणून जाणता कारागीर मागच्या विटेवर विश्वास ठेवून पुढची वीट लावत नाही. प्रत्येक थर तो भिंतीबाहेरच्या एका खुणेशी ताडून पाहतो. भिंतीच्या दोन्ही टोकांना उभे खांब किंवा सरळ पट्ट्या रोवायच्या, त्या दोन्ही बाजूंनी ओळंब्यात आणायच्या, त्यांवर प्रत्येक थराच्या उंचीची खूण करायची आणि खुणेपासून खुणेपर्यंत दोरी ताणायची. दोरीला जवळजवळ लागून, पण तिला न ढकलता, वीट बसवायची. थर पुरा झाला की दोरी एक खूण वर. खांबामुळे उंची चुकत नाही, दोरीमुळे रेषा चुकत नाही. भिंत लांब असेल तर दोरीला झोळ पडतो, तेव्हा मध्ये एक वीट ठेवून तिला टेकू द्यावा लागतो.

नेदरलँड्समध्ये आजही प्रत्येक कोपऱ्यावर अशी पट्टी उभी करूनच वीटकाम करण्याची रीत आहे. आपल्याकडचे मिस्त्री बहुधा आधी कोपरे चार-पाच थर वर उचलतात, ते ओळंब्याने तपासतात आणि त्या कोपऱ्यांनाच खांब मानून मधली भिंत दोरीवर भरतात. रीत वेगळी, तत्त्व एकच. आजच्या भारतीय मानकानुसार विटांची भिंत ३ मीटर उंचीत ६ मिलिमीटरपेक्षा जास्त कलता कामा नये. शिशाचा किंवा पितळेचा एक गोळा आणि हातभर दोरी यांच्या जोरावर साधा मिस्त्री ही अट रोज पाळतो.

किल्ल्याचे काम याहून अवघड. किल्ल्याची भिंत खाली जाड, वर निमुळती असते. म्हणजे तिला मुद्दाम कल द्यायचा आणि तो कल सगळीकडे सारखा ठेवायचा. त्यासाठी हव्या त्या उताराची लाकडी चौकट किंवा फळी करून तिच्या सरळ बाजूला ओळंबा लावावा लागतो. बुरूज गोल असेल तर मध्यात खुंट गाडून दोरी फिरवावी लागते. मैदानावर पाच कोनांचा कोट आखायचा तर भूमितीशिवाय एक पाऊलही पुढे टाकता येत नाही.

या ज्ञानाचा प्रवास फार जुना आहे. दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा अल बुझजानी यांनी कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर एक खास ग्रंथ लिहिला. एकाच मापाने उघडलेल्या कंपासने पंचकोनासारख्या आकृत्या कशा काढाव्यात हे त्यात सांगितले आहे. कारागीर आणि भूमितीतज्ज्ञ यांच्या बैठकींना ते स्वतः हजर असत. दोघांचेही दोष त्यांनी दाखवले. कारागिराला सिद्धता ठाऊक नसते आणि पंडिताला हाताचा अनुभव नसतो. इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’मध्ये बांधकामाच्या हुनराला स्वतंत्र प्रकरण दिले. मातीची भिंत सरळ चढवण्यासाठी साधारण चार हात लांब आणि दोन हात रुंद अशा दोन फळ्या समोरासमोर उभ्या करून दोरांनी बांधायच्या, मध्ये चुना मिसळलेली माती घालून ती ठोकायची आणि मग फळ्या पुढे सरकवायच्या, असे वर्णन त्यांनी केले आहे. भिंत सरळ राखायला गवंड्याला भूमितीची गरज लागते, हेही ते आवर्जून सांगतात. सल्तनतींचा उदय आणि अस्त सांगणाऱ्या इतिहासकाराला भिंतीच्या फळ्यांचे माप लिहावेसे वाटले, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

हाच प्रवास वऱ्हाडातल्या मिस्त्रीच्या पिशवीतही दिसतो. पिशवी उघडा आणि शब्द मोजा. मराठीतला ओळंबा संस्कृत ‘अवलंब’पासून आला. त्यालाच उर्दू बोलणारा मिस्त्री साहुल म्हणतो, तो शब्द अरबी ‘शाकूल’चा. काटकोन तपासायचा गुण्या फारसी ‘गूनिया’ आणि तो ग्रीक भाषेतल्या कोनवाचक शब्दापासून. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. इमारत आणि मेमार हे एकाच अरबी धातूची लेकरे. बुरूजही अरबीच. एवढ्या भाषा एका पिशवीत कधी भांडल्या नाहीत, कारण त्यांना मिळून एक भिंत सरळ ठेवायची होती. आमची भाषा कोणती आणि त्यांची कोणती, हा वाद घालणाऱ्यांनी ही पिशवी एकदा जरूर पाहावी.

अमरावतीचा परकोटही हेच सांगतो. पेंढाऱ्यांच्या लुटीपासून कापसाच्या या श्रीमंत पेठेचे रक्षण व्हावे म्हणून निजाम सरकारने १८०७ मध्ये तो बांधायला घेतला. घेर सुमारे सव्वादोन मैल, उंची २० ते २६ फूट, ५ दरवाजे आणि ४ खिडक्या. अंबागेट, खोलापुरी गेट, नागपुरी गेट ही नावे आजही रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत. राज्य मुस्लिम निजामाचे, पेठेतले सावकार आणि व्यापारी बहुसंख्येने हिंदू, आणि भिंतीच्या आत दोघांचीही घरे. त्या भिंतीने लुटारू अडवला, शेजारी अडवला नाही. आज तिच्या काही भागांचे चिरे निखळताना दिसतात, तिला टेकून घरे उभी राहिली आहेत. परकोट ‘त्यांचा’ की ‘आमचा’ असे विचारत बसलो तर तो कोणाचाच उरणार नाही.

हे सारे लिहिण्याचे निमित्त मात्र वर्गातले आहे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या वर्गात मिस्त्रींची, सेंटरिंगवाल्यांची, फरशी बसवणाऱ्यांची मुले मोठ्या संख्येने असतात. एकदा काटकोन त्रिकोणाचा धडा चालला होता. गणितात नेहमी मागे असणारा एक मुलगा सहज म्हणाला, “सर, ये तो तीन-चार-पाँच है. अब्बा लाईनआऊट में ऐसाच करते.” मग त्याने दोरी घेतली, एका बाजूला तीन हात मोजले, दुसऱ्या बाजूला चार आणि तिरक्या बाजूला पाच. वर्गाच्या फरशीवर चोख काटकोन उभा राहिला. ज्या प्रमेयाची सिद्धता तो चाचणीत लिहू शकला नव्हता, ते त्याच्या हाताला पाठ होते. अबुल वफांनी बगदादमध्ये पाहिलेली दरी आमच्याच वर्गात होती, आणि तिच्या पंडिताच्या बाजूला आम्ही उभे होतो. हजार वर्षांत ही दरी बुजवायचे काम शाळेचे होते. आम्ही ते किती केले?

पुढच्या वर्षी तो मुलगा शाळेत आला नाही. तो वडिलांबरोबर कामावर जाऊ लागला होता. त्याच्या हातातल्या कामाची आम्हाला लाज नाही. खंत याची वाटते की शाळेने त्याला त्याच्या घरातले ज्ञान ‘ज्ञान’ आहे असे कधी सांगितलेच नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने मुस्लिम समाजात स्वयंरोजगार आणि कारागिरीवर जगणारे किती मोठ्या प्रमाणात आहेत ते देशापुढे मांडले. त्या आकड्यांतले हे एक घर. कारागिराचा मुलगा शिकला तर हुनर सोडतो आणि हुनर धरले तर शाळा सोडतो. ही कोंडी फोडल्याशिवाय आमच्या समाजाच्या शिक्षणाची भिंत ओळंब्यात येणार नाही.

काही गोष्टी आपल्या हातात आहेत. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि महाराष्ट्रात इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या ज्या कामगाराने मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केले असेल, त्याला नोंदणी करता येते. त्याच्या मुलांच्या शिक्षणासाठी मंडळाकडून मदतही मिळते. मोहल्ल्यातल्या शिकलेल्यांनी दर जुम्म्याला दोन मिस्त्रींचे अर्ज भरून दिले तरी ते सवाबाचे काम ठरेल. शाळांनी वर्षातून एक दिवस एखाद्या बुजुर्ग मिस्त्रीला भूमितीच्या तासाला बोलवावे आणि त्यांना खुर्ची द्यावी. त्यांच्याजवळचे शब्द लिहून घ्यावेत, कारण ते शब्द कोणत्याही शिलालेखावर नाहीत. आम्ही एका वहीत ही सुरुवात केली आहे.

आपण मशिदीत नमाजला उभे राहतो तेव्हा इमामसाहेब आधी सफ सरळ करायला सांगतात. खांद्याला खांदा, टाचेला टाच. नव्या मशिदीत फरशीवर रेषा असतात. जिथे त्या नसतात तिथे कधी कधी दोरी अंथरलेली असते. मिस्त्रीची दोरी आणि सफेची दोरी आम्हाला वेगळ्या वाटत नाहीत. फरक एवढाच की सफेत उभ्या राहिलेल्या प्रत्येकाची हजेरी अल्लाहकडे लागते. भिंत उभी करणाऱ्यांची हजेरी मात्र आपणच लावायची राहून गेली आहे.