घाटवाटेवर विचारलेले प्रश्न

कल्याणहून सुटलेली एसटी मुरबाड आणि टोकावडे मागे टाकून माळशेजच्या दिशेला लागली की वैशाखरे गावाच्या पुढे ‘नानाचा अंगठा’ आभाळात उभा दिसतो. त्याच्या बगलेतून नाणेघाटाची पायवाट जुन्नरकडे चढते. शनिवार-रविवारी इथे उतरणारे बहुतेक जण ट्रेकिंगला आलेले असतात. वरच्या गुहेत सावलीला बसून ते डबा खातात आणि पुढे निघतात. त्यांच्या पाठीमागच्या भिंतींवर एका सातवाहन राणीने कोरवून घेतलेला दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख असतो. अभ्यासक तिला नागनिका म्हणून ओळखतात.

लेखाच्या सुरुवातीला नमन आहे. धर्माला, इंद्राला, संकर्षण आणि वासुदेवाला, चंद्रसूर्यांना, आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना. मग येते यज्ञांची यादी, अश्वमेध आणि राजसूयासह. दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांचे आकडेही आहेत. वैदिक कर्मकांडाचा इतका ठसठशीत जाहीरनामा कोरला गेला तो मात्र अशा वाटेवर, जिच्या एका टोकाला जुन्नरची बौद्ध लेणी होती आणि दुसऱ्या टोकाला कल्याणची पेठ. याच कल्याणच्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी कान्हेरीच्या भिक्खूंना दाने दिली. जुन्नरच्या लेण्यांत तर इरिल आणि चिट या यवनांची, म्हणजे परदेशी माणसांची, नावे आहेत. एकाने पाण्याची टाकी खोदून दिली, दुसऱ्याने भोजनमंडप. राणीचे यज्ञ वाचणारा आणि यवनाने दिलेल्या टाकीतले पाणी पिणारा वाटसरू एकच असू शकत होता.

शहापूरच्या बाजूची वाटही अशीच. आज मुंबई-आग्रा महामार्ग आणि मध्य रेल्वे आसनगाव, खर्डी, कसारा करत थळ घाटाकडे चढतात. पूर्वी सोपारा बंदरातून नाशिकला जाणारा माल याच घाटाने वर जाई. नाशिकच्या पांडवलेण्यांत शक राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. देव-ब्राह्मणांना सोळा गावे दिली, दरसाल लाखभर ब्राह्मणांना जेवू घातले, दमण आणि डहाणूच्या नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या, सोपाऱ्यात विश्रामगृह बांधले, असा सगळा हिशेब त्यात मांडला आहे. आणि हा हिशेब कोरला आहे तो बौद्ध भिक्खूंसाठी खोदवलेल्या लेण्यात! त्यांच्या चीवरांसाठी आणि इतर गरजांसाठी त्याने विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, तीन हजार कार्षापण व्याजाने ठेवले. त्यात कुणाला काही विसंगत वाटले असेल असे लेखाच्या सुरावरून तरी दिसत नाही.

दान दिले म्हणजे दुसऱ्याचा धर्म कळला असे नाही, हे खरेच. आजही सर्वधर्मीय कार्यक्रम म्हटला की व्यासपीठ, शाल, श्रीफळ आणि चार भाषणे. घरी जाताना कुणी कुणाला काही विचारलेले नसते. पण याच टापूतल्या एका जुन्या कथेत प्रश्न आहे.

‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथातली ती कथा सोपाऱ्याच्या पूर्णाची. दासीच्या पोटी जन्मलेला हा व्यापारी समुद्रावर अनेक सफरी करतो. एका सफरीत श्रावस्तीचे व्यापारी त्याच्या गलबतावर असतात आणि रात्री, पहाटे काहीतरी म्हणत असतात. पूर्णाला ते आवडते; तुमची गाणी छान आहेत, असे तो म्हणतो. ते सांगतात, ही गाणी नव्हेत, ही बुद्धाची वचने. मग पूर्ण विचारतो, हा बुद्ध कोण? पुढे तो भिक्खू होतो. कथेत चमत्कारही भरपूर आहेत, पण सुरुवात होते ती सहप्रवाशाच्या तोंडून ऐकलेल्या परक्या शब्दांबद्दलच्या साध्या कुतूहलाने. घाटात बैलांना विसावा देणाऱ्या तांड्यांत अशा चौकशा किती झाल्या असतील, याची कल्पनाच करावी.

दगडावरही ही चौकशी उतरली आहे. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे शिकारीच्या यात्रांना जात, आपण धम्मयात्रा करतो, असे अशोक या लेखात सांगतो. ब्राह्मण आणि श्रमण, दोघांनाही भेटायचे, दान द्यायचे, गावोगावच्या लोकांना पाहायचे, धम्म सांगायचा आणि त्याविषयी विचारपूसही करायची. यात शिकारीहून अधिक आनंद आहे, अशी त्याची कबुली आहे. पुढच्या, नवव्या लेखाचा तुकडा वसईजवळ भुईगावात निघाला तो 1956 मध्ये.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत धर्मावरचे बोलणे वेगळ्या वळणाने गेले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन 1829 मध्ये आले. 1831 मध्ये मोरभट दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद रंगला. 1857 च्या पूर्वार्धात विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांना समुद्रकिनारी भिडले आणि ते ऐकायला गर्दी लोटली. या वादांनी मराठी गद्याला धार आणली, यात शंका नाही. पण दोन्ही बाजूंनी समोरच्याचे ग्रंथ वाचले ते प्रामुख्याने त्यातली व्यंगे शोधण्यासाठी.

गंमत अशी की हेच विल्सन गिरनारला गेले आणि तिथल्या अशोकलेखाची नक्कल त्यांनी करवून घेतली. ती कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपपर्यंत पोचली आणि 1837 च्या सुमारास ब्राह्मीचे कोडे सुटले तेव्हा अशोकाचे लेख वाचायला तिची मदत झाली. त्या गिरनारच्या खडकावर बारावा लेखही आहे. आपल्या पंथाची उगाच स्तुती करू नका, दुसऱ्याची निंदा करू नका, जिभेला आवर घाला, एकमेकांचा धर्म ऐकून घ्या, असे तो बजावतो. भर वादसभांच्या काळात हा मजकूर उजेडात यायला हातभार लावला तो वादसभेतल्याच एका पट्टीच्या वक्त्याने.

त्याच गिरनारच्या पायथ्याशी, जुनागढला, 1839 मध्ये भगवानलालांचा जन्म झाला. नागर ब्राह्मणाच्या घरातला हा मुलगा प्रिन्सेपची अक्षरमाला हाताशी धरून तो खडक वाचायला शिकला. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाडांकडे त्याने काम केले. मुरबाडच्या माथ्यावरचा नाणेघाटाचा लेख उलगडण्यात त्याचा मोठा वाटा, नाशिक-कान्हेरीचे लेख वाचण्यातही. ठाणे जिल्ह्याच्या 1882 च्या गॅझेटियरसाठी जेम्स कॅम्पबेल यांना त्याने भरपूर मजकूर पुरवला. बौद्धांची लेणी, राणीचे यज्ञ, शकांची दाने सगळे त्याने सारख्याच आस्थेने वाचले. 1882 मध्येच सोपाऱ्याचा स्तूप उघडला तेव्हा दगडी पेटीत बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती आणि भिक्षापात्राचे तुकडे निघाले.

मुरबाड तालुक्यात सोनावळे गावाजवळ कातळात खोदलेली लेणी आहेत. ती बौद्ध मानली जातात, पण परिसरात त्यांना म्हणतात गणेश गडद. घाटापलीकडे लेण्याद्रीला तर अष्टविनायकांतला गिरिजात्मज बौद्ध विहारातच बसला आहे. तिथे पायऱ्या चढणारे भाविक गणपतीचे दर्शन झाले की शेजारच्या चैत्यगृहात डोकावतात, आणि तिथला स्तूप पाहून हे काय आहे असे सोबतच्याला विचारतात.