माजघरातील साक्ष : ‘यमुनापर्यटना’तील शोक आणि गुपित

बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले आहे, त्यातील बराच भाग ‘पहिली’ या विशेषणाभोवती फिरतो. ती मराठीतील पहिली कादंबरी की नव्हे, भारतीय भाषांतील पहिली की नव्हे, हरि केशवजींचे ‘यात्रिक क्रमण’ (१८४१) हे बनियनचे भाषांतर असल्यामुळे ते या गणनेत धरावे की नाही, हा वाद वाङ्मयेतिहासकारांना प्रिय आहे. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रारंभी ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) या तीन कृतींत तीन प्रवृत्तींचा उगम पाहिला आणि पहिलीला वास्तवाभिमुख परंपरेचे मूळ मानले. या मांडणीने पदमनजींना मिशनरी पुस्तिकाकारांच्या रांगेतून बाहेर काढले, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण वास्तववादाचा शिक्का एकदा बसला की कृतीकडे सामाजिक दस्तऐवज म्हणून पाहण्याची सवय जडते. विधवांच्या स्थितीविषयीची माहिती तिच्यातून काढून घ्यायची आणि उरलेला धर्मप्रचार बाजूला सारायचा, असा तो व्यवहार असतो. या व्यवहारात एक गोष्ट निसटते. ही कादंबरी मूलतः गुपितांची कादंबरी आहे, आणि ती गुपिते उघडणारी किल्ली तिच्यातील श्रद्धेच्या भाषेतच आहे.

कथानक सर्वपरिचित आहे. यमुना ही मिशनच्या शिक्षणाचा संस्कार झालेली तरुणी. ती आणि तिचा पती विनायकराव दोघेही ख्रिस्ती धर्माकडे मनाने झुकलेली, पण घरात आणि ज्ञातीत उघडपणे हिंदूच. ती दोघे प्रवास करतात, आणि त्या प्रवासात यमुनेला निरनिराळ्या विधवा भेटतात, आपापली हकीकत सांगतात. पुढे विनायकरावाचा अकाली मृत्यू होतो आणि जी आजवर ऐकणारी होती ती स्वतःच विधवा होते. केशवपनाचा प्रश्न आता तिच्या दारात येतो. अखेरीस ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते.

या आराखड्यात ‘पर्यटन’ हा शब्द फसवा आहे. प्रदेश, वाटा, देवळे यांत लेखकाला फारसे स्वारस्य नाही. त्याचे लक्ष एका घराच्या माजघरातून दुसऱ्या घराच्या माजघरात जाण्याकडे आहे. मराठी कुटुंबातील विधवेचा शोक हा एका अर्थी अत्यंत सार्वजनिक असतो. फुटलेल्या बांगड्या, पुसलेले कुंकू, काढलेले केस, आलवण ही सगळी दुरून वाचता येणारी चिन्हे. पण या चिन्हांच्या मागे जे घडते ते तितकेच कडेकोट झाकलेले. आप्ताकडून झालेला अत्याचार, राहिलेला गर्भ, तो नाहीसा करण्याची घाई, रातोरात तीर्थक्षेत्री केलेली रवानगी. शोक दाखवायचा आणि दुःख लपवायचे, अशी ही विलक्षण व्यवस्था होती. ती कल्पनेतील नव्हती, हे पुढील काही दशकांनी सिद्ध केले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते याच झाकलेल्या दुःखासाठी. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर बालहत्येचा खटला चालला आणि त्यावरील चर्चेतून ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) हा निबंध जन्मला. म्हणजे न्यायालयाच्या आणि निबंधाच्या चव्हाट्यावर जे सुमारे पाव शतकाने आले, ते ‘यमुनापर्यटना’त एका बाईने दुसऱ्या बाईला हळू आवाजात सांगितलेले आहे.

हा हळू आवाज पदमनजींना कोठून मिळाला? ते पुरुष होते, आणि परक्या घरच्या विधवेशी बोलण्याची मुभा त्यांना नव्हती. यमुना ही त्या अडचणीतून निघालेली वाट आहे; ती नायिका कमी आणि कान अधिक आहे. येथे हॅना कॅथरीन म्यूलेन्स यांच्या ‘फुलमणि ओ करुणार बिबरण’ (१८५२) या बंगाली कृतीशी तुलना उद्बोधक ठरते. लंडन मिशनरी सोसायटीच्या लाक्रोआ यांची ही कन्या कलकत्त्यात वाढली; तिच्या कथेत निवेदन करणारी गोरी बाई देशी ख्रिस्ती कुटुंबांच्या घरोघर जाते. एक घर आदर्श फुलमणीचे, दुसरे वाट चुकलेल्या आणि पुढे सुधारणाऱ्या करुणेचे. घरात शिरण्याची युक्ती तीच, पण तेथील कान मडमेचा आहे. तो ऐकतो, तपासतो आणि सल्ला देतो. यमुनेपाशी अधिकार नाही. ती त्याच व्यवस्थेतील सून आहे आणि उद्या आपल्यावरही हीच पाळी येऊ शकते, हे ऐकताना तिला ठाऊक असणारच. माझ्या मते पदमनजींची कृती वरचढ ठरते ती याच एका बदलामुळे.

दुसरे उत्तर लेखकाच्या चरित्रात आहे. १८३१ मध्ये बेळगावी जन्मलेले पदमनजी मुंबईत परमहंस सभेचे सभासद होते. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर आदींनी १८४९ मध्ये स्थापलेली ही सभा जातिभेद मोडणारी, पण सर्वस्वी गुप्त. सभासदांची यादी फुटली तेव्हा, १८६० च्या सुमारास, ती विरून गेली. पदमनजी स्वतः त्याआधीच, १८५४ मध्ये, बाप्तिस्मा घेऊन उघड झाले होते. ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्रात त्यांनी या स्थित्यंतराची हकीकत सांगितली आहे. ती वाचल्यावर यमुना आणि विनायकराव यांची द्विधा अवस्था ही केवळ कथानकाची सोय वाटत नाही. मनात एक आणि देव्हाऱ्यापुढे दुसरे, ही अवस्था लेखकाने स्वतः भोगली होती. म्हणूनच या कादंबरीत दोन प्रकारची गुपिते एकमेकांशेजारी येऊन बसतात : विधवेचे शरीराचे गुपित आणि यमुनेचे श्रद्धेचे गुपित. दोन्ही उघड झाल्यास शिक्षा एकच, बहिष्कार. विधवा यमुनेपाशी बोलतात, याचे कारण या साम्यात शोधावे लागते.

ख्रिस्ती प्रार्थनासमूहात ‘साक्ष’ देण्याची प्रथा आहे. आपण कसे होतो आणि कसे तारले गेलो, हे चारचौघांत सांगायचे. ‘यमुनापर्यटना’तील कहाण्यांना हा साचा आहे, पण अर्धाच. ‘कसे होतो’ एवढे सांगून बहुतेक कहाण्या थांबतात. तारण त्यांच्या वाट्याला येत नाही. प्रचारक म्हणून पदमनजींचे हे अपयश मानावे लागेल. कादंबरीकार म्हणून नव्हे. उलट, जेथे साचा पूर्ण होतो, म्हणजे यमुनेच्या स्वतःच्या बाबतीत, तेथे लेखन पातळ होते. पतीच्या मृत्यूचे दुःख उपदेशात विरघळते आणि दुसरा विवाह हा शोकाचा निकाल लावल्यासारखा येतो.

उपशीर्षकातील ‘हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ या शब्दांकडेही पाहावे. ‘निरूपण’ हा कीर्तनाच्या पूर्वरंगातला शब्द. धर्मांतरित लेखकाने तो टाकून दिला नाही. निरूपण आणि आख्यान यांची जी जोडणी हरिदास करतो, तिचीच सैल आवृत्ती येथे आहे, असे म्हणता येईल.

कायद्याची बाजू थोडक्यात नोंदवतो. १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा ताजा होता. त्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपत होता. १८५० च्या कायद्याने मात्र धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क अबाधित राखला होता. यमुना दोन्ही उंबरठे ओलांडते. म्हणजे धर्म सोडून जे तिला गमवावे लागले नसते, ते पुन्हा कुंकू लावल्याने गमवावे लागणार होते. ही विसंगती डोळ्यांपुढे ठेवून शेवट वाचला, तर तो वाटतो तितका सोपा राहत नाही.

तेहेतीस वर्षांनी हरिभाऊ आपटे यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहायला घेतली. तिचीही नायिका यमू, तिचाही पती सुशिक्षित आणि प्रेमळ, आणि तिच्याही डोक्यावर वस्तरा फिरतो. हरिभाऊंनी नाव उचलले की योगायोग घडला, हा प्रश्न मला गौण वाटतो. महत्त्वाचे हे, की तोवर ऐकणारीची गरज उरली नव्हती. हरिभाऊंची यमू स्वतःच लिहिते. तिच्यापुढे दुसरी बाई नाही, वाचक आहे. पण तिच्यापाशी जाण्याजोगे दुसरे घरही नाही. जुन्या यमुनेला तिच्या श्रद्धेने ते घर मिळवून दिले होते.