मोह, कसोटी आणि प्रतिकार

पानात वाढलेला चवथा लाडू पाहून आपण म्हणतो, 'मोह आवरत नाही.' एखाद्या कारकुनाने पुढे केलेली लाच परत केली, तर 'त्याने मोह टाळला' असेही आपण म्हणतो. दोन्ही ठिकाणी शब्द एकच. तो 'मुह्' या संस्कृत धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ भान हरपणे, गोंधळणे असा आहे. म्हणजे आपल्या भाषेने या प्रसंगाकडे बुद्धीवर पडलेले पटल म्हणून पाहिले. इंग्रज अशा वेळी 'टेम्प्टेशन' म्हणतो, तर फ्रेंच माणूस 'तांतासियों'. आपण या दोहोंचे भाषांतर सरसकट 'मोह' असे करतो खरे, परंतु त्या शब्दांचे कुळ निराळे आहे.

दोन्ही शब्द लॅटिनमधील 'तेम्प्तारे' या क्रियापदाची लेकरे होत. त्याचा अर्थ चाचपणे, आजमावणे, कसोटी घेणे. इंग्रजीतला 'अटेम्प्ट', म्हणजे प्रयत्न, हाही याच कुळातला. फ्रेंचमध्ये तर 'तांते' हे एकच क्रियापद 'प्रयत्न करणे' आणि 'मोहात पाडणे' या दोन्ही अर्थांनी आजही चालते. 'येतोस का फिरायला, मन होते का?' एवढे साधे विचारतानाही फ्रेंच माणूस तेच क्रियापद वापरतो आणि त्यात पापाची छटा मुळीच नसते. इंग्रजीने मात्र हे ओझे वाटून घेतले. प्रयत्नासाठी एक शब्द ठेवला आणि मोहासाठी दुसरा. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्या पाठोपाठ फ्रेंच शब्दांचे तांडे इंग्रजीत उतरले. त्यापूर्वी या अर्थी इंग्रजीत 'कॉस्टनुंग' हा स्वतःचा जुना शब्द होता, पण तो या लोंढ्यात लोपला. त्याच्याही मुळाशी कसोटीचीच कल्पना होती.

मग प्रश्न असा की ही कसोटी घेतो कोण? हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेवरून ते स्पष्ट होते. तिच्यातील ग्रीक शब्द 'पेइरास्मोस' याचे कसोटी आणि मोह असे दोन्ही अर्थ होतात. इंग्रजांनी 'नेणे' या अर्थाचे क्रियापद पत्करले आणि आपल्याला मोहाकडे नेऊ नये, अशी देवाला विनवणी केली. फ्रेंच कॅथलिक पूर्वी मोहाला बळी पडू न देण्याची याचना करीत. १९६६ मध्ये निरनिराळ्या पंथांनी मिळून जो सामाईक पाठ स्वीकारला, त्यात 'मोहाच्या स्वाधीन करणे' या अर्थाचे क्रियापद आले. यावर अनेकांनी आक्षेप घेतला. देवच माणसाला मोहात लोटतो, असा याचा अर्थ होत नाही काय? याकोबाच्या पत्रात तर देव कोणालाही मोहात पाडीत नाही असे म्हटले आहे. वाद दीर्घकाळ चालला. अखेर ३ डिसेंबर २०१७ पासून फ्रान्समधील कॅथलिक चर्चांत 'मोहात शिरू न देणे' या अर्थाचा पाठ म्हटला जाऊ लागला. इंग्रजी भाषिकांपैकी बहुतेकांनी मात्र आपला जुना पाठच ठेवला. मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतराने याच जागी 'परीक्षा' हा शब्द वापरला आहे. म्हणजे मोहाच्या मुलखात राहूनही मराठी भाषांतरकार मूळ कसोटीच्या अर्थाशी गेले, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

आता दुसरा शब्द. इंग्रजी 'रेझिस्ट' आणि फ्रेंच 'रेझिस्ते' हे दोन्ही लॅटिन 'सिस्तेरे' या क्रियापदावरून आले. उभे करणे, उभे राहणे हा त्याचा अर्थ. आपल्या 'तिष्ठति'चे ते सख्खे भावंड होय. तेव्हा या शब्दाच्या गाभ्यात हल्ला नाही. समोरून रेटा येत असता जागा न सोडणे, एवढेच त्यात आहे.

हे दोन शब्द एका दगडी बुरुजात एकत्र आले. दक्षिण फ्रान्समधील एग-मोर्त या तटबंदीच्या गावी 'तूर द कोंस्तांस' नावाचा बुरूज आहे. चौथ्या आंरीने १५९८ साली नांतच्या फर्मानाने प्रॉटेस्टंटांना दिलेले धर्मस्वातंत्र्य चौदाव्या लुईने १६८५ मध्ये काढून घेतले. त्यानंतर या बुरुजात प्रॉटेस्टंट स्त्रियांना कोंडण्यात येऊ लागले. १७३० मध्ये मारी द्युरां ही तरुणी तेथे आली. तिचा भाऊ प्येर हा धर्मोपदेशक होता. त्याला १७३२ मध्ये माँपेलिए येथे फाशी देण्यात आले. मारी सुटली ती १७६८ मध्ये, म्हणजे अडतीस वर्षांनी!

या अडतीस वर्षांत सुटकेचा मार्ग तिला खुला होता. 'मी माझा धर्म सोडते' एवढे म्हटले की पुरे. येथे मोह मिठाईचा नव्हता, द्रव्याचाही नव्हता. मोकळी हवा, स्वतःचे घर आणि एक लहानसे वाक्य एवढाच तो मोह होता. ज्यांनी ते वाक्य उच्चारले त्यांना दूषण देण्याचा अधिकार आपल्याला नाही. बुरुजाच्या वरच्या दालनात जमिनीच्या मध्यभागी एक गोल झरोका आहे. त्याच्या दगडी काठावर 'प्रतिकार करणे' या अर्थाचा एकच शब्द स्थानिक धाटणीच्या वर्णांत कोरलेला आजही दिसतो. परंपरेने तो मारीच्या हातचा मानला जातो. त्या शब्दाला कर्म नाही. कशाचा प्रतिकार, ते सांगितलेले नाही. ते सांगण्याची तिथे गरजही नव्हती.

१७ जून १९४० रोजी मार्शल पेतां यांनी लढाई थांबवावी लागेल, असे रेडिओवरून फ्रेंच जनतेस सांगितले. थकल्याभागल्या लोकांना सुटकेचा तो केवढा मोह होता! दुसऱ्या दिवशी जनरल द गोल यांनी लंडनहून भाषण केले आणि त्यात फ्रेंच प्रतिकार विझणार नाही, अशी ग्वाही दिली. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसच्या 'म्यूझे द लोम' या मानववंश-संग्रहालयातील काही मंडळींनी गुप्त वृत्तपत्र काढले व त्याचे नाव ठेवले 'रेझिस्तांस'. हे नाव संग्रहालयाच्या ग्रंथपाल इव्होन ओद्दों यांनी एग-मोर्तच्या बंदिवान स्त्रियांची आठवण ठेवून सुचविले, असे सांगतात. या गटातील बोरिस विल्दे, अनातोल लेवित्स्की आणि इतर पाच जणांना २३ फेब्रुवारी १९४२ रोजी गोळ्या घालण्यात आल्या. कोरलेला शब्द पुसता येत नाही हेच खरे.

या शब्दाचा आपल्याशीही संबंध आला. दक्षिण आफ्रिकेत १९०६ मध्ये गांधीजींनी सुरू केलेल्या लढ्यास प्रथम 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' म्हणत. आपल्याकडे त्यालाच निःशस्त्र प्रतिकार म्हटले गेले. परंतु हे इंग्रजी नाव गांधीजींना रुचेना. ते दुबळ्यांचे हत्यार समजले जाई, शिवाय त्यात द्वेषालाही वाव होता. त्यांनी 'इंडियन ओपिनियन'मधून नवे नाव मागविले. मगनलाल गांधी यांनी 'सदाग्रह' सुचविले आणि त्याचे १९०८ मध्ये 'सत्याग्रह' झाले. फरक बारीक पण मोलाचा आहे. 'प्रतिकार' म्हटले की समोर काय आहे ते आधी दिसते. 'सत्याग्रह' म्हटले की हाती काय धरले आहे ते दिसते.

तेव्हा श्रोतेहो, या तीन शब्दांनी आपल्याला तीन गोष्टी शिकविल्या. मोह म्हणजे भान सुटणे, हे आपल्या भाषेने सांगितले. त्याच क्षणी आपली कसोटी चाललेली असते, हे लॅटिनच्या लेकींनी सांगितले. आणि त्या कसोटीला उतरण्यासाठी फार मोठे शौर्य लागतेच असे नाही. आपल्या जागी उभे राहणे पुरते, हे एका दगडावरच्या अक्षरांनी सांगितले. ते उभे राहणे मात्र कधी कधी अडतीस वर्षांचे असते.