घागर आपली, परवाना परक्याचा

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, सह्याद्रीच्या रानात, कुंभारवाडा नावाचे एक गाव आहे. त्या नावातच कुंभाराच्या चाकाचे स्मरण आहे. कुंभाराकडून घागर विकत घेतली की ती आपली होते. ती किती वर्षे वापरावी, तीत पाणी भरावे की धान्य, ती शेजारणीस द्यावी की न द्यावी, हे कुंभार विचारीत नाही. आणि फुटली तर तुकडे जोडण्यास तो मनाईही करीत नाही. आज खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत पोहोचलेल्या संगणकांविषयी मात्र असे म्हणता येत नाही. यंत्र आपले असते. परंतु त्या यंत्राकडून काम करवून घेणारी जी मूळ आज्ञावली, जिला कार्यप्रणाली म्हणतात, ती बहुधा आपली नसते. तिच्या वापराची केवळ परवानगी आपण विकत घेतलेली असते. हा भेद कसा उत्पन्न झाला, आणि त्याची झळ मराठी लिहिणारांस कशी लागली, हे आज थोडक्यात पाहावयाचे आहे.

श्रोतेहो, आरंभीच्या काळी आज्ञावलीस निराळी किंमत सहसा नसे. आयबीएम ही अमेरिकेतील बलाढ्य कंपनी आपल्या यंत्रांबरोबरच ती देत असे. १९६९ साली या कंपनीने दोहोंचे मोल वेगळे करण्याचे जाहीर केले, आणि आज्ञावली हा एक स्वतंत्र व्यापार झाला. १९७६ मध्ये बिल गेट्स या तरुणाने संगणकाच्या शौकिनांस उद्देशून एक खुले पत्र लिहिले. यंत्राचे पैसे तुम्ही देता, मग आज्ञावली मात्र फुकट का उतरवून घेता, अशी त्यात तक्रार होती. ती सर्वस्वी गैर नव्हती. कष्ट करणाराचे वेतन बुडवू नये, हे कोणीही मान्य करील. पुढे १९८१ मध्ये गेट्स यांच्या मायक्रोसॉफ्टने सिॲटलच्या एका लहानशा कंपनीची प्रणाली विकत घेतली आणि आयबीएमला पुरविली. पण मालकी न देता केवळ परवाना दिला. त्यामुळे तीच प्रणाली, एमएस-डॉस या नावाने, इतर यंत्रनिर्मात्यांनाही देता आली. पुढील चार दशकांचा व्यवहार या एका करारात बीजरूपाने होता. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणकाच्या आज्ञावलीस साहित्यकृतीचे संरक्षण मिळाले.

तथापि पुस्तक आणि आज्ञावली यांत एक मोठे अंतर आहे. पुस्तकाची पाने सुटली तर गावातला कोणीही बांधणारा ती शिवून देतो. कार्यप्रणालीत दोष निघाला तर तो मूळ मालकानेच दुरुस्त करावा लागतो; कारण तिची घडण गुप्त असते आणि तीत फेरफार करण्यास परवान्याने बंदी असते. मालकाने दुरुस्ती थांबविली की ग्राहक निराधार होतो. २००१ साली आलेली विंडोज एक्सपी ही प्रणाली जगभर लोकप्रिय झाली. ८ एप्रिल २०१४ रोजी तिची नियमित दुरुस्ती बंद झाली. विंडोज १० चीही नेहमीची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्या दिवशी कोणतेही यंत्र बंद पडले नाही. काल चालणारे यंत्र आजही चालते. फक्त त्याच्या कुडाला पडणारी भोके आता कोणी बुजवीत नाही.

हा धोका काल्पनिक नव्हे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने अनेक देशांतील संगणकांना टाळे लावून खंडणी मागितली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. २०१८ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने फर्मान काढले, की पैसे देणाऱ्या एटीएम यंत्रांतील जुन्या प्रणाली टप्प्याटप्प्याने बदलून जून २०१९ पर्यंत हे काम पुरे करावे. अर्थात एक्सपी बंद झाल्यावर चार वर्षांनीही ती आपल्या बँकांत राबत होती.

मग लोक जुने टाकून नवे का घेत नाहीत? याचे उत्तर केवळ दारिद्र्य किंवा आळस असे नाही, आणि ते मराठीच्या संदर्भात अधिक स्पष्ट दिसते. पुण्यास १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे मोलाचे कार्य केले, आणि १९९१ साली भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ ही प्रमाण संकेतपद्धती ठरली. पण छपाईच्या धंद्यात निरनिराळ्या कंपन्यांच्या अक्षरमाला रूढ झाल्या आणि प्रत्येकीचा संकेत निराळा. एकीच्या ‘क’च्या जागी दुसरीत भलतेच चिन्ह उमटे. नक्कल होऊ नये म्हणून कित्येकींबरोबर यंत्राला जोडावयाचे एक छोटेसे कुलूप येई. ते हरवले की अक्षरेच मुकी होत. युनिकोड या सर्वमान्य संकेताची सोय विंडोजमध्ये देवनागरीस २००० सालच्या सुमारास मिळाली. तोवर असंख्य पुस्तके, शाळांची वार्षिके, चर्चच्या स्मरणिका या जुन्या संकेतांत अडकून पडल्या होत्या. जुना मजकूर उघडण्यास जुनी अक्षरमाला हवी, तिला जुनी प्रणाली हवी, आणि त्या प्रणालीस जुने यंत्र हवे. म्हणून आजही एखाद्या छापखान्याच्या कोपऱ्यात एक जुनाट संगणक, बाहेरच्या जगाशी संबंध तोडून, जपून ठेवलेला आढळतो.

या पेचातून सुटण्याचा एक मार्ग परवान्याच्याच द्वारे निघाला, ही मौजेची गोष्ट आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त प्रणालीची चळवळ आरंभिली आणि १९८९ मध्ये एक नवा परवाना सिद्ध केला. आज्ञावली पाहा, सुधारा, वाटा. मात्र घेणारासही तोच अधिकार द्या, हा त्याचा गाभा. १९९१ मध्ये फिनलंडचे विद्यार्थी लिनस टॉर्वाल्ड्स यांनी जन्मास घातलेला लिनक्स पुढील वर्षी याच परवान्याखाली आला. आमच्या शेजारच्या गोव्यात, या शतकाच्या आरंभी, स्वयंसेवकांनी परदेशांतून वापरलेले संगणक आणून शाळांना दिले आणि त्यांवर लिनक्स चालविला. परवान्याच्या खर्चाअभावी यंत्रे पडून राहू नयेत, हा हेतू. डॉसची कथाही अशीच आहे. ती मागे पडणार असे दिसताच १९९४ मध्ये जिम हॉल या विद्यार्थ्याने ‘फ्रीडॉस’चा उपक्रम सुरू केला, आणि तो आजही चालू आहे. खुद्द मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये एमएस-डॉसच्या काही जुन्या आवृत्त्यांची मूळ घडण मुक्त परवान्याने खुली केली. जिची मिळकत कधीच आटली होती, ती वस्तू खुली होण्यास इतकी वर्षे लागली!

लेखनाचे आयुष्य कशाने वाढते, याचे एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीने रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ उरला तो भाविकांनी हाताने केलेल्या नकलांमुळे. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला. पुढे त्याची देवनागरी प्रतही अभ्यासकांस उपलब्ध झाली.

तेव्हा ज्यांच्यापाशी जुन्या संगणकांत मराठी मजकूर आहे, त्यांनी तो यंत्र चालू आहे तोवर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा आणि त्याच्या दोन-तीन नकला निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. जुने यंत्र वापरावयाचेच असेल, तर ते इंटरनेटला जोडू नये. आणि शाळेसाठी नवा संगणक घेताना किमतीबरोबर हेही विचारावे, की याची दुरुस्ती किती वर्षे मिळेल, आणि त्यानंतर ती करण्याची मोकळीक आम्हांस राहील काय.